वांगी भाजण्याची सोडत

भरीत खायला कोणाचं काय जातं? ताटात पडलं, वर कांद्याची पात आली, शेजारी कळण्याची पुरी आली, की मुकं माणूसही बोलायला लागतं. पण ते भाजणार कोण, एवढं नुसतं विचारून बघा. जळगावातली भली भली माणसं लगेच चपलेचा अंगठा बघायला खाली वाकतात.

तापीकिरण कॉलनीत बारा घरं. दिवाळी उरकून थंडी पडली, की दर रविवारी कॉलनीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर भरीत पार्टी. असे बारा रविवार. वांगी हिरवी, लांब आणि अशी दांडगी, की एकदा एक वांगं रिक्षात घातलं तर रिक्षावाला म्हणाला, यांना पुढे बसवा, मागे मावत नाहीत. ती वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची. त्या काड्यांचा धूर काय सांगावा! मागच्या वर्षी वारा फिरला आणि भुसावळच्या यार्डात गार्डानं गाडी थांबवून धरली, धुकं समजून. खोटं वाटत असेल तर त्या गार्डाला विचारा. तो आता रिटायर होऊन गावाला गेलाय, एवढीच काय ती अडचण.

तर भाजणाऱ्याचं काम असं, की सकाळपासून धुरात बसायचं, वांगी फिरवायची, भाजली की गरमागरम सोलायची, लाकडी बडगीत कुटायची, आणि मग लोक बोटं चाटताना म्हणतात ते ऐकायचं, "मिरची अजून थोडी चालली असती."

हे काम कोणाकडे, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. बारा घरांच्या बारा चिठ्ठ्या, लोणच्याच्या बरणीत. ज्याची निघाली तो त्या रविवारी भाजणार, आणि त्याची चिठ्ठी बाद. दरवर्षी हे सुरळीत चाललं होतं. पण गेल्या वर्षी बरणीत शेवटची उरली ती चिठ्ठी उखर्डूभाऊंची. आता एकच चिठ्ठी उरल्यावर काढायची काय आणि उघडायची काय! उखर्डूभाऊंनाही ते कळत होतं. शनिवारी दुपारीच त्यांनी घराला कुलूप लावलं आणि धरणगावला बहिणीकडे गेले. बहिणीला जुलाब लागलेत म्हणाले. रविवारी सगळी कॉलनी पाटावर बसली, आणि समोर कच्ची वांगी.

यंदा मग मीटिंग झाली. आणि त्या मीटिंगमध्ये प्रेमराज नाना उठून उभे राहिले.

नाना म्हणजे सांख्यिकी खात्यातून रिटायर झालेले. उभी नोकरी त्यांनी पीक कापणी प्रयोगात घालवली. म्हणजे काय, तर कोणाच्या शेतातला कोणता तुकडा कापून उत्पन्न मोजायचं, ते आकड्यांच्या तक्त्यातून काढायचं. तक्त्यानं काट्याकुट्यातला कोपरा दाखवला तर नाना काट्याकुट्यात. शेतकरी हात जोडून म्हणायचा, "साहेब, इकडं चांगलं पीक शे ना!" नाना म्हणायचे, "चांगलं असेल हो, पण निघालेलं नाही." अशा माणसाला कोण पेढे देणार? रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा साहेबाला इलेक्शन ड्युटी लागली, निरोप समारंभ रद्द झाला, आणि शाल तशीच कपाटात राहिली. ती पुढं कोणाच्या अंगावर गेली, देव जाणे.

नाना मीटिंगमध्ये म्हणाले, "चूक पद्धतीत आहे. आपण चिठ्ठी बाद करतो, म्हणून शेवटच्याला आधीच कळतं. त्यापेक्षा निघालेली चिठ्ठी दर वेळी परत बरणीत टाकायची. दर रविवारी प्रत्येकाची शक्यता बारात एक. बारा रविवारांत प्रत्येक घराचं अपेक्षित मूल्य एक."

"म्हणजे माझं नाव एकदा येणार," अध्यक्ष जीवरामभाऊ म्हणाले.

"नक्की नाही. सरासरी एकदा. कोणाचं दोनदा येईल, कोणाचं तीनदा, कोणाचं एकदाही नाही."

"एकदाही नाही?" सगळी मीटिंग एकदम जागी झाली.

"हो. बारा वेळा काढून एखादं घर साफ सुटण्याची शक्यता शेकडा पस्तीस. म्हणजे बारातली साधारण चार घरं वर्षभर भाजणारच नाहीत."

बस्स! पुढचं कोणी ऐकलंच नाही. बाराच्या बारा घरांनी मनातल्या मनात त्या चार घरांत आपलं बिऱ्हाड हलवलं. हात असे झटकन वर गेले, की अभिमनचा हात पंख्याला लागता लागता वाचला. अभिमन म्हणजे कोपऱ्यावरचा मोटार रिवाइंडिंगवाला, गडी सहा फूट उंच. नानांना वाटलं, अरे वा, किती जण गणित समजणारे निघाले!

वर नानांनी स्वतःच्या हातानं नियम लिहिला: ज्याचं नाव निघेल त्यानंच भाजायचं. बदली चालणार नाही, सबब चालणार नाही, बहीण चालणार नाही. उखर्डूभाऊंनी शेवटच्या शब्दावर हरकत घेतली. तीही चालली नाही.

चिठ्ठ्या नानांनी स्वतः कापल्या. एकाच कागदाच्या, पट्टीनं मापून, सारख्या घड्या घालून. काढायला तानुअक्का. कॉलनीतली सर्वांत म्हातारी, धुळ्याकडची, अक्षराची ओळख नाही. म्हणजे लबाडीचा प्रश्नच मिटला. तिनं बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि अभिमनकडे वाचायला दिली.

"प्रेमराज नाना!"

हसू झालं. नानाही हसले. "बघा," म्हणाले, "पद्धत निःपक्षपाती आहे, हे सिद्ध झालं." रविवारी त्यांनी पांढरा सदरा घालून वांगी भाजली. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, सुलक्षणाबाईंनी, तो सदरा बादलीत टाकला, तर पाणी असं काळं झालं की बादलीच गेल्याचा भास झाला.

दुसऱ्या शनिवारी तानुअक्कानं हात घातला.

"प्रेमराज नाना!"

हसू जरा जास्त झालं. तिसऱ्या शनिवारी अभिमननं चिठ्ठी उघडली. नुसता नानांकडे बघत राहिला, जसा डॉक्टर रिपोर्ट बघून बघतो तसा.

"मना हात काय करी, भाऊ?" तानुअक्का रडकुंडीला आली. "बठ्ठ्या चिठ्ठ्या पळतीस, तुनीच तेवढी बोटले चिकटस!"

जीवरामभाऊंनी विचारलं, "नाना, तीनदा लागोपाठ यायची शक्यता किती?"

"माझंच नाव तीनदा म्हणाल, तर सतराशे अठ्ठावीसात एक," नाना ताठ मानेनं म्हणाले. "पण कोणाचंही एकाचं तीनदा म्हणाल, तर एकशे चव्वेचाळीसात एक. तेवढं काही अशक्य नाही."

"कोणाचंही एकाचं. बरं. पण आलं कोणाचं?"

"माझं."

"मग?"

या 'मग'ला सांख्यिकी खात्यात उत्तर नाही.

नानांची अडचण लक्षात येतेय का? दुसऱ्या कोणाचं नाव तीनदा आलं असतं, तर त्यानं आरडाओरडा केला असता, बरणी फोडली असती. नानांना ते करता येईना. पद्धत त्यांची, कागद त्यांचा, पट्टी त्यांची, घड्या त्यांच्या. कोणी कपट केलं असतं तर किती बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! पण कपट कुणाचंच नव्हतं. बारातली एक शक्यता दर आठवड्याला येऊन नानांच्या दारात चपला काढत होती, आणि आलेल्या पाहुण्याला जा म्हणायची सोय नव्हती.

मग कॉलनीनं सल्ले सुरू केले. सल्ला द्यायला काड्या फुंकाव्या लागत नाहीत.

समोरच्या मंदाबाई म्हणाल्या, "नाना, नाव बदला. प्रेमराजचं नुसतं राजू करा. चिठ्ठीला सापडणार नाही."

उखर्डूभाऊ म्हणाले, "तुमचा कोटा भरला. आता वर्षभर तुमचं नाव येणं शक्य नाही."

"असं नसतं," नाना म्हणाले. "चिठ्ठीला मागचं आठवत नाही. पुढच्या वेळीही शक्यता बारात एकच."

"मग मी म्हणतो तेच खरं," जीवरामभाऊ म्हणाले. "तीनदा आलं म्हणजे चौथ्यांदा येणारच. वळण पडलंय."

"तेही नसतं! बारात एक!"

"अहो, मग अजून किती वेळा येणार, ते तरी सांगा."

"राहिले नऊ रविवार. नऊ भागिले बारा. अपेक्षित मूल्य पाऊण."

"पाऊण वेळा?" अभिमननं विचार केला. "म्हणजे कसं नाना? भाजायची आणि सोलायची, पण कुटायची नाहीत?"

नाना घरात निघून गेले. शिकवायची इच्छा असलेल्या माणसाला इतकं एकटं वाटावं, हे काही बरं नाही.

त्यातच आला हयातीचा दाखला. पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत आहे असं सांगावं लागतं. नुसतं सांगून चालत नाही, मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. नानांनी ठेवला. मशीन लाल झालं. दुसरा अंगठा ठेवला. पुन्हा लाल. एकेक करून दहाही बोटं झाली. तीन रविवार गरम वांगी सोलून नानांच्या बोटांवरच्या रेघा भरतात गेल्या होत्या, आणि कॉलनीनं त्या चवीनं खाल्ल्या होत्या.

खिडकीतली पोरगी म्हणाली, "काका, मशीन तुम्हाला ओळखत नाही."

"मी तुमच्यासमोर बसलोय."

"ते मला दिसतंय हो. मशीनला दिसत नाही ना."

"मग डोळे बघा. डोळ्यांचंही मशीन असतं म्हणतात."

डोळ्यांचं मशीन आणलं. त्यानं नानांच्या डोळ्यांत पाहिलं. धुरानं ते असे लाल झाले होते, की मशीननं आधी शिटी वाजवली आणि मग बंदच पडलं. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "या वयात पिऊ नये हो सकाळी सकाळी." नानांना सांगण्यात आलं, की बोटं बरी झाली की या, आणि तोवर वांग्याला हात लावू नका. तोवर नाना जिवंत आहेत की नाहीत, हे बँकेच्या हिशेबी अनिर्णित.

आणि अशा दिवसांत, बघा कसं असतं, धुळ्याहून पत्रिका आली.

सांख्यिकी खात्यातल्या रिटायर लोकांचं धुळ्याला एक मित्रमंडळ आहे. त्यांचा मेळावा रविवारी. पत्रिकेत छापलं होतं, 'ज्येष्ठ सभासदाचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार', आणि त्याखाली, 'श्री. प्रेमराज नाना यांचे भाषण, विषय: रोजच्या जीवनातील संभाव्यता'. मंडळाचे सेक्रेटरी हितेंद्र, नानांच्याच हाताखाली शिकलेले. ते फोनवर म्हणाले, "नानासाहेब, याच तुम्ही. सत्काराच्या नावांत तुमचंही नाव घातलंय आम्ही."

नानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. सुलक्षणाबाईंना वाटलं, परत धूर गेला की काय डोळ्यांत.

"अहो, काय झालं?"

"शाल आहे गं," नाना म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण ज्या बाईनं इतकी वर्षं संसार केला, तिला बाकीचं सांगावं लागत नाही. तिनं लगेच ट्रंकेतला कोट काढून उन्हात टाकला. आणि मग तिच्या लक्षात आलं.

"रविवार म्हणजे कुठला रविवार? या येत्या रविवारी आपली पार्टी आहे. शनिवारी चिठ्ठी आहे."

"आहे की."

"आणि तुमचं नाव आलं तर?"

"बारात एक शक्यता आहे. उरलेल्या अकरा वाट्यांनी आपण धुळ्याला. शेकडा ब्याण्णव म्हण ना."

"मागच्या तीन वेळाही ब्याण्णवच होते ना?"

नानांनी भाषणाचा कागद काढला आणि त्यात डोकं घातलं.

सुलक्षणाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्या गेल्या जीवरामभाऊंकडे. म्हणाल्या, भाऊ, एवढ्या एका रविवारी यांना सोडा. जीवरामभाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, माणूस मऊ पण कागदाचा. म्हणाले, "वहिनी, माझी ना नाही. पण नानांनीच लिहिलंय, सबब चालणार नाही. सूट द्यायची तर नियम बदलावा लागेल, नियम बदलायला मीटिंग, मीटिंगला सात दिवस आधी नोटीस. नोटीस आज काढली तरी मीटिंग पडते पुढच्या गुरुवारी. तोवर हा रविवार होऊन जाईल."

"मग नानांनी अर्ज दिला तर?"

"नियम ज्यांनी लिहिला त्यांचाच अर्ज आला, तर मी मीटिंगशिवाय मंजूर करीन हो! पण देतील का?"

नानांनी अर्ज दिला नाही. "मीच नियम करायचा आणि मीच पहिली सूट मागायची?" ते म्हणाले. "उखर्डूत आणि माझ्यात फरक काय राहिला?" शेजारच्या गच्चीवर उखर्डूभाऊ पापड वाळत घालत होते. ते म्हणाले, "ऐकू येतंय बरं का नाना."

शनिवारी संध्याकाळी बाराही घरं ओट्यावर जमली. एरवी चिठ्ठी काढताना लोक शेंगा खातात, मोबाइल बघतात. आज सगळे कसे देवळात आल्यासारखे. नानांनी कोटाची बटणं शिवून घेतली होती. धुळ्याच्या गाडीची वेळ विचारून ठेवली होती. तानुअक्कानं देवाचं नाव घेतलं, बरणीत हात घातला आणि चिठ्ठी काढली.

अभिमननं उघडली. "अभिमन! मीच! मीच निघालो!"

माणसाला वांगी भाजायची पाळी आल्यावर इतका आनंद होतो, हे नानांनी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंदाबाईंनी तर पेढ्यांचा बॉक्स काढला. तो आधीच आणून ठेवलेला होता. सुलक्षणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. नाना खुर्चीवर सैल बसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ते म्हणाले, "बघा, म्हटलं होतं ना! चिठ्ठीला आठवण नसते."

आणि इथंच गप्प बसले असते तर! पण सवय वाईट. सोडत झाली की नाना चिठ्ठ्या मोजून परत बरणीत घालत. त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग एकेक उघडून ओट्यावर मांडल्या.

अकरा.

"माझी कुठंय?"

जीवरामभाऊ आभाळाकडे बघायला लागले. मंदाबाई पेढ्यांचा कागद घडी करायला लागल्या. तानुअक्का म्हणाली, "माले काय वाचता येस का भाऊ," आणि पदर तोंडावर घेतला. शेवटी अभिमननंच सांगून टाकलं, "नाना, आम्ही काढून घेतली. सगळ्यांनी मिळून. तुमची धुळ्याची शाल आहे ना, म्हणून."

"सगळ्यांनी?" नानांनी बायकोकडे पाहिलं.

"हो, मीसुद्धा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "चिठ्ठी चुलीत घातली मी. बोला काय बोलायचं ते."

अकरा घरांना कळलं होतं, की या माणसाला शाल हवी आहे. पण नानांच्या आतला सांख्यिकीवाला काही केल्या बसेना.

"म्हणजे माझी शक्यता शून्य होती."

"मग चांगलंच की!" उखर्डूभाऊ म्हणाले. "शून्यापेक्षा चांगलं काय असतं?"

"आणि या शून्यावर उभं राहून मी उद्या धुळ्याला संभाव्यतेवर भाषण करू? खांद्यावर शाल घेऊन?" नाना उभे राहिले. "परत काढा."

"अहो!" सुलक्षणाबाई ओरडल्या.

"नाना, बसा खाली," जीवरामभाऊ म्हणाले. "पेढा खा."

"परत काढायची. माझी चिठ्ठी घालून. काही होत नाही, बारात एक तर आहे. अकरा वाट्यांनी मी धुळ्याला जाईन, आणि ताठ मानेनं जाईन."

कोणाचं काही चाललं नाही. त्यांनी खिशातून तोच कागद काढला, पट्टी मागवली, मापून चिठ्ठी कापली, नाव लिहिलं, घडी घातली. बरणी हलवली. एवढी हलवली की आतलं जुनं लोणच्याचं तेल सुटायला लागलं.

"मी नही काढाव," तानुअक्का म्हणाली. "मना हात कापस."

"काढा अक्का. काही होत नाही."

तानुअक्कानं डोळे मिटून हात घातला. एक धरली, सोडली. दुसरी धरली, सोडली. आता अक्षरओळख नसलेल्या बाईनं निवडून काय निवडावं? शेवटी एक काढली आणि अभिमनच्या हातात कोंबली, विंचू द्यावा तशी.

अभिमननं उघडली. बघितली. "मीच," म्हणाला. "परत मीच. काय माझं नशीब!" पण सहा फुटांचा गडी, आणि आवाज निघाला मांजरीच्या पिल्लासारखा.

नानांनी हात पुढे केला.

"नाना, जाऊ द्या ना. मीच आहे म्हणतो ना."

हात तसाच होता. अभिमननं चिठ्ठी त्यावर ठेवली.

नानांनी ती वाचली. स्वतःचंच नाव, स्वतःचंच अक्षर, ते वाचायला कितीसा वेळ लागणार? पण त्यांना लागला. मग ती घडी घालून बरणीत टाकली, झाकण लावलं आणि म्हणाले, "काड्या ओल्या आहेत का कोरड्या, ते बघून ठेवायला पाहिजे."

सगळ्यांनी समजावलं. अभिमन पाया पडला. जीवरामभाऊ म्हणाले, नोटीस नको, काही नको, मी तोंडी नियम रद्द करतो. उखर्डूभाऊ म्हणाले, मी भाजतो हो, गेल्या वर्षीची फेड म्हणून. हे ऐकून तर कॉलनीतल्या भिंतीसुद्धा चकित झाल्या असतील. पण नाना नाही म्हणाले. आडमुठेपणा म्हणा, नाहीतर अजून काही.

सकाळी उठून सुलक्षणाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली आणि पर्स घेतली.

"कुठं?" नाना म्हणाले.

"धुळ्याला. तुमची शाल कोणीतरी आणायला नको?" आणि मंदाबाईंना सोबत घेऊन त्या एसटीला निघूनही गेल्या.

इकडे नाना वांग्यांसमोर. काड्या नेमक्या ओल्या. वारा नेमका त्यांच्याकडे. वांग्यातलं एक असं फुटलं, की उरलीसुरली भुवई गेली. कॉलनी पाटावर बसली होती, पण कोणाला हसू येईना. सगळे नानांकडे बघून बघून नजर फिरवत होते. धुळ्यात आत्ता हार आणले असतील, नानांच्या मनात येई. आत्ता माइक तपासत असतील, हॅलो हॅलो. ते दुसरं वांगं फिरवीत.

दुपारी फोन वाजला. नानांनी कोळशाच्या बोटानं तो कसाबसा उचलला.

"मिळाली?" ते म्हणाले.

"ऐका," सुलक्षणाबाईंचा आवाज आला. मागे हॉलमध्ये भांड्यांचा खडखडाट चालला होता. "इथं शाल एकच आहे."

"एकच?"

"आणि ज्येष्ठ सभासद चाळीस. भांडणं नकोत म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. सांख्यिकीचीच माणसं ना, यांना दुसरं काय सुचणार!"

नानांच्या हातातला चिमटा थांबला. "मग?"

"मग काय! स्टीलच्या डब्यात घातल्या, हलवल्या, पाहुण्यांनी एक काढली." आवाज जरा बारीक झाला. "तुमची निघाली हो."

कॉलनीला फोन ऐकू येत होता, कारण धुरात नानांचं बोट भलत्याच बटणावर पडून तो स्पीकरवर लागला होता. अभिमन टुणकन उठला. "निघाली! नानांची निघाली!"

"थांबा!" फोनमधून सुलक्षणाबाई ओरडल्या. "त्यांचा नियम आहे, माणूस हजर पाहिजे. हजर नसेल तर चिठ्ठी बाद, दुसरी काढायची. मी म्हटलं, मी बायको आहे, मी हजर आहे. भांडले, हो! मंदाबाईही भांडल्या. तर तो हितेंद्र हात जोडून म्हणतो, वहिनी, नानासाहेबांनीच आम्हाला शिकवलं, निघालेल्या शेतात पीक उभं नसेल तर रडत बसायचं नाही, पुढचा नंबर घ्यायचा. घेतला पुढचा. कोणी शिरपूरचे गृहस्थ आहेत. शाल त्यांना आखूड पडली."

अभिमन उभा होता तो तसाच खाली बसला. सगळे नानांकडे बघत होते. म्हातारा आता कोसळतो, चिमटा फेकतो, बरणी फोडतो, काय करतो!

नाना धुराकडे बघत होते. ओठ हलत होते.

"अगं," ते म्हणाले, "चिठ्ठ्या नक्की चाळीसच होत्या?"

"चाळीस. का?"

"इथं बारात एक. तिथं चाळीसात एक. दोन्ही एका दमात." नानांच्या काळ्याकुट्ट चेहऱ्यावर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, काहीतरी उजळल्यासारखं झालं. "चारशे ऐंशीत एक गं! चारशे ऐंशीत एक!"

पलीकडे नुसता भांड्यांचा आवाज.

"आणि अशा माणसाशी माझं लग्न लागायची शक्यता किती होती," सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तेवढी काढून ठेवा मी येईपर्यंत."

फोन बंद झाला.

लोक हळूहळू ताटांकडे वळले. नाना पुन्हा चुलीसमोर बसले आणि राखेत काडीनं आकडे मांडायला लागले. बायकोनं पहिल्यांदाच गणित घातलं होतं, सोडवायलाच हवं. पण पहिल्याच पायरीला ते अडले. एकूण स्थळं किती, हे आधी पाहिजे. आणि तिला तेव्हा किती जण सांगून आले होते, हे उभ्या संसारात त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.